फेव्हरिट हरला की

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी संपादकांचा फोन आला. "बाई, साहेब गेले आणि कॉलम बंद पडून महिना उलटला. लोक विचारतात, 'दुर्बीण' फुटली का? आता तुम्हीच लिहायला घ्या."

"अहो, मी कशी लिहू?"

"इतकी वर्षं त्यांच्या शेजारी कठड्याला टेकून काय स्वेटर विणत होतात?"

खरं म्हणजे विणतच होते. पण विणताना डोळे मोकळे असतात, आणि ह्यांचं बोलणं अखंड चालू असायचं. 'दुर्बीण' हे ह्यांचं टोपणनाव. रेसच्या दिवशी सकाळी पेपरात अर्धं पान अंदाज: कुठल्या शर्यतीत कोणते घोडे आघाडीचे, पहिला कोण, दुसरा कोण आणि का. दुसऱ्या दिवशी आढावा, म्हणजे काय बरोबर आलं आणि कुठे तोंडावर आपटलो. ते कात्रण खिशात घेऊन माणसं मैदानावर यायची. ह्यांनी एखाद्याला पहिला धरलं की बुकींच्या फळ्यावर त्या घोड्याचा भाव तिथल्या तिथे उतरायचा, इतके लोक त्याच्यावर पैसे लावायचे.

"घड्याळ सगळ्यांकडे असतं," हे म्हणायचे. "तू कान बघ. घोडा कसा धावतो ते आंधळाही सांगेल. तो कशासाठी धावतो ते बघ."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि ह्यांच्या खुर्चीत जाऊन बसले, तर पाय जमिनीला टेकेनात. मग रडले थोडी. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांना कळलं की त्यांची भरतकामातली पहिली विद्यार्थिनी जुगाऱ्यांसाठी लिहिणार आहे, तर त्या बिचाऱ्या माझ्यासाठी गुडघे टेकून बसतील.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

उजाडता उजाडता मैदानावर गेले. ट्रेनरसाहेब कठड्याशी उभे होते. ह्यांचे जुने दोस्त. "या वहिनी, थर्मास आणलात ना? मग तुम्ही दुर्बीण, मी तुमचा चष्मा."

सरावाचे घोडे धुक्यातून आधी ऐकू येतात, मग दिसतात. खुरांचा आवाज पोटात वाजतो. आमचे जावईबापू राजहंसवर होते. ते जॉकी आहेत, सध्या पहिल्या तिघांत मोजतात. शेवटच्या पल्ल्यात असे उसळतात की लोकांनी त्यांचं नाव 'फटाका' ठेवलंय. मला पाहून टोपी काढली. "आई, लक्ष ठेवा हं आमच्यावर!"

राजहंस करड्या रंगाचा, चार वर्षांचा, मानेला सुंदर बाक. पण उजवीकडे सावली हलली तरी त्याची कातडी थरथरते. मोतद्दार उजवीकडून लगाम धरायला गेला तर घोड्याने मान झटकली. डावीकडून गेला तर चाटायला लागला. ट्रेनरसाहेबांना विचारलं, तर ते थर्मासचं झाकण घट्ट करत बसले.

बेबीला घेऊन या म्हटलं होतं जावईबापूंना. म्हणाले, "तिला पहाटे उठवत नाही, आई. झोपते बिचारी." लहानपणी हीच पोर बापाच्या खांद्यावर बसून घोड्यांची नावं ओरडायची. लग्नाने माणूस आळशी होतं. मीही झाले होते.

२० ऑक्टोबर, रविवार

पहिला अंदाज छापून आला. सहापैकी तीन बरोबर. पण त्याचा आनंद नाही.

तिसऱ्या शर्यतीत वळणावर मी दुसरी धरलेली घोडी पडली. तिच्यावर दोन घोडे आदळले. एक जॉकी बाहुलीसारखा हवेत गेला आणि कठड्यावर पोटावर पडला. घोडी उठली, उठून धावायला लागली, आणि तेव्हा दिसलं की तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबतोय. ती तरीही बाकीच्यांना गाठायला बघत होती. चार माणसांनी तिला धरलं, भोवती हिरवा पडदा धरला. गोळीचा आवाज फार मोठा नसतो. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "चला, माझे पैसे हिनेच खाल्ले," आणि तिकीट फाडलं.

पाचवी जावईबापूंनी राजहंसवर जिंकली. शेवटच्या पल्ल्यात हात थांबतच नव्हता. घोडा परत आला तेव्हा पॅडॉकमध्ये, म्हणजे घोडे फिरवतात त्या कुंपणात, मी जवळून पाहिलं. कुशीवर वळ उठले होते, एका ठिकाणी कातडी फुटली होती, जीभ दाताखाली येऊन लाल फेस गळत होता. जिंकलेला घोडा इतका थरथरताना मी पाहिला नव्हता.

आढाव्यात तसंच लिहिलं: 'विजय घोड्याचा, चाबकाचा नव्हे. स्वाराने गरजेपेक्षा फार जास्त मारलं. असाच हात राहिला तर पुढच्या वेळी हा घोडा त्याला साथ देणार नाही.' जावई असला म्हणून काय झालं? ह्यांनी सख्ख्या भावालाही सोडलं नसतं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

दर मंगळवारी बेबी माझ्याकडे नाश्त्याला येते. काल आली नाही. फोन केला तर सोमवारी बाथरूममध्ये पाय घसरला म्हणे, मनगट मुरगळलं. "त्या फरशा बदलून घ्या ग," म्हटलं. "हो आई, बदलायलाच हव्यात," म्हणाली आणि हसली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

लेकीकडे जाऊन आले. मनगट चांगलंच सुजलंय. चहाचा कप डाव्या हातात धरते. फाटक वाजलं तशी कप बशीत आदळला. लहानपणापासूनच दचकी. मी म्हटलं तसं, तर म्हणाली, "हो ना. तूच मला 'ससा' म्हणायचीस." मी कधी म्हणायचे ते आठवेना.

जावईबापू आले, मोठ्या मजेत होते. "सासूबाई, तुमच्या दुर्बिणीला नवी काच बसवून घ्या. म्हणे मी मारतो! विचारा तुमच्या लेकीला, किती मऊ हाताचा आहे मी." बेबी हसली, पण जरा उशिराने, टाळ्या पडल्यावर टाळी वाजवणाऱ्यासारखी. ते तिच्या उजवीकडे बसले होते. ती बोलता बोलता उठून माझ्या शेजारी येऊन बसली. किती माया पोरीला!

उद्याचा अंदाज पाठवला. राजहंसबद्दल लिहिलंय: 'खाणं कमी झालंय. उजव्या बाजूला दबकतो. दार वाजलं की दचकतो. असा घोडा धावेल, पण मनाने धावणार नाही. तिसरा.'

३ नोव्हेंबर, रविवार

गेल्या रविवारी राजहंसला उतरवलंच नाही. आज उतरवलं, आणि आज माझा अंदाज खरा ठरला याचं वाईट वाटतंय. शेवटच्या पल्ल्यात जावईबापूंनी चाबूक उचलला आणि राजहंसने वेग वाढवायच्या ऐवजी मान आडवी करून दुसऱ्या घोड्यावर अंग टाकलं. चौथा आला. प्रेक्षकांतून बाटल्या आल्या. एक खुर्ची आली. ती मोतद्दाराच्या डोक्यात लागली आणि त्याचा अर्धा चेहरा क्षणात रक्ताने झाकला.

मग जॉकींचं वजन करतात त्या खोलीत आरडाओरडा. ज्याच्या घोड्यावर राजहंस आदळला तो जॉकी काहीतरी बोलला, आणि जावईबापूंनी चाबकाच्या मुठीने त्याच्या तोंडावर मारलं. एकदा नाही. तो खाली पडल्यावरही. दोन दात फरशीवर पडले होते. पंचांनी दंड केला आणि ताकीद दिली. मला खिडकीतून सगळं दिसलं. मारताना जावईबापूंचा चेहरा अगदी शांत होता. त्याचंच मला जास्त भय वाटलं.

हेही आढाव्यात लिहिलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

बेबी आजही आली नाही. ट्रेनरसाहेब मात्र आले, टोपी हातात फिरवत उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात.

"वहिनी, कसं सांगू? तुम्ही लिहिता आणि पोर भोगते."

"काय भोगते?"

"माझ्या तोंडून कशाला वदवता? तबेल्यात सगळ्यांना माहीत आहे. सोमवारी तो तुमचं पान घेऊन घरी जातो."

मी त्यांना जायला सांगितलं. चांगल्या शब्दांत नाही. मग रिक्षा केली आणि लेकीकडे गेले. जावई सरावाला गेला होता.

बेबी पाठमोरी होती. "बेबी," म्हटलं. वळली नाही. परत म्हटलं. मग डावीकडून जवळ गेले तेव्हा चमकून पाहिलं तिने. उजव्या कानात कापूस होता.

"हाही बाथरूममध्ये घसरला का?" मी विचारलं.

तिने कापूस नीट बसवला. "आई, तुझा पेपर आला की मी आधी तुझं पान वाचते. तू त्याच्याबद्दल बरं लिहिलंस तर सोमवार बरा जातो."

"चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता."

"तुझ्या घराला एकच दार आहे, आई. तो तिथे येईल. एकदा मी शेजारी जाऊन बसले होते, तर त्यांच्या कुत्र्याला मारून टाकलं त्याने. काठीने. सावकाश."

पुढे काय बोलले आठवत नाही. परत येताना रिक्षावाल्याला पत्ताच सांगता येईना.

घोड्याच्या कातडीवरचा थरथराट मला कठड्यावरून दिसतो. माझ्या पोटच्या पोरीचा दिसला नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

उपाय माझ्याच हातात आहे, हे कसं सुचलं नाही? उद्याच्या चौथ्या शर्यतीत त्याची घोडी साधारणच आहे. मी तिला पहिली धरली. लिहिलं: 'अनुभवी, समंजस स्वार.' 'समंजस' लिहिताना पेन अडलं. जन्मात पहिल्यांदा खोटं छापायला पाठवलं. शाळेत खोटं बोललं की जिभेवर साबण लावायचे. आज रात्रीचं जेवण साबणासारखंच लागलं.

१० नोव्हेंबर, रविवार

घोडी कशीबशी दुसरी आली. मी आढाव्यात तिचा दोष ट्रॅकवर ढकलला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बेबी आली! दोन अंडी खाल्ली. "कालचा सोमवार बरा गेला," म्हणाली. "म्हणाला, तुझ्या आईला अक्कल आली."

"येऊ दे म्हणावं. सगळ्या सासवांना उशिराच येते."

दोघी हसलो. कान अजून वाहतो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

परवाही त्याला पहिला धरला आणि तो जिंकला. संपादक खूश आहेत. म्हणाले, "बाई, खप वाढलाय. लोक म्हणतात दुर्बीण फटाक्यावर फिदा आहे, आणि फटाका जिंकतोय." बुकींकडे त्याच्या घोड्यांचे भाव कधी नव्हे इतके उतरलेत. सगळं मैदान त्याच्या नावावर लावतं. माझ्या लेखणीत एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं. असंच लिहीत राहायचं. जितकं वर चढवता येईल तितकं चढवायचं. मान मिळाला की माणूस निवळतो.

बेबीला हे सांगितलं तर ती नखाने टेबलाचा रंग खरवडत राहिली. "आई," म्हणाली, "फेव्हरिट हरला की काय होतं ते तुला बाबांनी सांगितलं नाही का?"

मला वाटलं, ती रेसबद्दल विचारतेय. सांगितलं की प्रेक्षक जरा शिव्या देतात.

२४ नोव्हेंबर, रविवार

राजहंस हरला. मी त्याला 'आजचा खात्रीचा घोडा' म्हटलं होतं. सगळ्या मैदानाने त्याच्यावर लावले होते. सातवा आला.

आधी शांतता झाली. मग एक बाई किंचाळली आणि जणू धरण फुटलं. लोकांनी कठडा मोडला. त्याच्या लाकडांनीच मारायला धावले. राजहंसच्या तोंडावर कुणीतरी दगड मारला. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्याचा खूर एका म्हाताऱ्याच्या छातीवर पडला. पोलिसांच्या काठ्या मिळेल त्या डोक्यावर बसत होत्या. जावयाला दोघा शिपायांनी उचलून गाडीत घातलं तेव्हा त्याची विजार फाटली होती आणि त्याच्या तोंडावर लोक थुंकले होते. गाडीच्या काचा फोडल्या. कुणीतरी माझं पान पेटवून त्या फुटक्या काचेतून आत टाकलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. थुंकी पुसली नाही.

मी बेबीला फोन करत राहिले. नुसती घंटा वाजत राहिली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

हॉस्पिटल. बेबीचं गळपट्टीचं हाड आणि तीन बरगड्या मोडल्यात. उजवा डोळा मिटलेला. अंगावरचे वळ नर्सने दाखवले नाहीत, मीच चादर उचलून पाहिले. कुशीवर आहेत, ओळीने. एका ठिकाणी कातडी फुटली आहे.

नवशिका असता तर त्याला कोणी हिशेबात धरलं नसतं. हरला असता तर हरला असता. एवढ्या उंचावर मी नेऊन बसवला, आणि तिथून तो माझ्या पोरीवर पडला. बेबीने विचारलं होतं. मी तिला प्रेक्षकांचं उत्तर दिलं.

तो आला होता, फळं घेऊन. नर्सशी इतकं गोड बोलला की तिने त्याच्यासाठी खुर्ची आणली. कागदावर नवऱ्याची सही लागते. उद्या घरी नेणार म्हणाला. मी म्हटलं, माझ्याकडे नेते. "कशाला आई? बायको माझी आहे. तुम्ही फक्त रविवारचं नीट लिहा. मोठी रेस आहे. मालक राजहंसवर दुसरा जॉकी बसवायचं म्हणतोय. तुम्ही लिहिलंत तर नाही बसवणार."

तो गेल्यावर बेबी हळूच बोलली. ओठ फुटलाय, शब्द चावून येतात. "आई, रेस चालू असते तेवढाच वेळ मी नीट श्वास घेते. तेवढाच वेळ त्याचे दोन्ही हात कुठे आहेत ते सगळ्या जगाला दिसतं."

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

ट्रेनरसाहेबांची माफी मागितली. ते म्हणाले, "वहिनी, माफी राहू द्या, काम सांगा." काम सांगितलं. त्यांची बायको म्हणाली, "मी जाते. तो घराला बाहेरून कुलूप लावून जातो, मोतद्दाराला बरोबर नेते. त्याच्या डोक्यात खुर्ची बसल्यापासून तो कुलूप तोडायला उत्सुकच आहे."

मग शाळेत फोन केला. मला इंग्रजी शिकवणाऱ्या सिस्टर अजून आहेत, हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर. थकल्यात, आवाज कागदासारखा झालाय. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पोरीला जिने चढता येतील ना?"

३० नोव्हेंबर, शनिवार

दुपारी तो आला. बेबीलाही आणलं होतं. तिला माझ्या समोरच्या खुर्चीत बसवलं, स्वतः तिच्यामागे उभा राहिला आणि हात तिच्या खांद्यावर ठेवला, जिथे हाड मोडलंय तिथेच.

"लिहा, आई. मी बघतो."

मी लिहिलं. पाचवी शर्यत: राजहंस पहिला. तो म्हणाला, "निर्विवाद पहिला, असं लिहा." लिहिलं. "स्वार आणि घोडा एकजीव." लिहिलं. मध्येच बेबीच्या तोंडून बारीक आवाज आला. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं जमलं नसतं.

कागद त्याने स्वतः नेऊन देतो म्हणून घडी करून खिशात घातला. "आता कसं शहाण्यासारखं!"

ते गेल्यावर संपादकांना फोन लावला. "माझा जावई एक कागद आणून देईल. घ्या, आभार माना आणि टोपलीत टाका. खरा मजकूर आता सांगते, लिहून घ्या."

"बाई, राजहंस शेवटून दुसरा? अहो, जावई ना तुमचा?"

"म्हणूनच मला माहीत आहे. लिहा: 'घोड्यात दोष नाही. या घोड्यावर एकही पैसा लावू नका, आणि हरला तर त्याला दगड मारू नका. हा स्वार मारतो. घोड्यालाही.'"

त्यांनी मजकूर मला परत वाचून दाखवला.

"छापू?"

"हो. आणि खाली 'दुर्बीण' नको. माझं नाव घाला."

१ डिसेंबर, रविवार

दुपार. तो पहाटेच, पेपर पडायच्या आधी मैदानावर गेला. तिथेच त्याने वाचलं असणार. मालकाने तरीही त्यालाच बसवलं. ऐनवेळी दुसरा जॉकी मिळाला नाही म्हणे.

ट्रेनरसाहेब म्हणत होते, तुम्हीही शाळेत जा. नको म्हटलं. घर रिकामं दिसलं तर तो तिला शोधत गावभर फिरेल. मी दिसले तर इथे थांबेल.

रेडिओ लावलाय. पाचवी सुरू झाली. घोडे गेटमधून सुटले. आत्ता कुलूप तुटत असेल. राजहंस मध्यावर. 'फटाका वाट बघतोय,' निवेदक म्हणतो. बेबीला जिना उतरवताना कुणी घाई करू नये म्हणजे झालं. वळण. राजहंस पाचवा. 'चाबूक निघाला!' मार. मार, आता तिथेच मार. निवेदकाचा आवाज चढला. 'राजहंस थांबला! भर पल्ल्यात घोडा उभा राहिला, स्वार पुढे फेकला गेला!' उठला म्हणे. उठून घोड्याच्या तोंडावर मारायला लागला, सगळ्यांसमोर. पंच धावले.

फोन वाजला. ट्रेनरसाहेबांची बायको. "निघालो." एवढंच.

आता निवांत आहे. टेबल पुसलं. खिडक्या लावल्या. चहाचं आधण ठेवलंय, मोठ्या पातेल्यात. दोन माणसांना एवढं पाणी कशाला लागतं, पण ठेवलं. चांगलं खळखळू दे. कढत नसला तर चहा मला आवडत नाही.

फाटक वाजलं.

४ डिसेंबर, बुधवार

डाव्या हाताची दोन बोटं मोडलीत, लिहायचा हात शाबूत आहे. खांद्यावर आणि मानेवर टाके घातलेत. आरसा देत नाहीत.

झालं ते असं. तो आत आला, दाराला कडी घातली आणि 'कुठे आहे' म्हणाला. मी माहीत नाही म्हटलं. त्याने चाबूक मारला. चाबूक लागतो तेव्हा आधी आवाज येतो आणि मग दुखतं, हे मला माहीत नव्हतं. खाली पडले. ह्यांची खुर्ची उचलून त्याने भिंतीवर आपटली. मग माझा डावा हात टेबलावर ठेवला आणि एकेक बोट धरून विचारलं. दोन बोटं झाली. मी ओरडले, खूप ओरडले, आयुष्यात कधी ओरडले नव्हते एवढी. पण शाळेचं नाव सांगितलं नाही. मग तो दमला. अशी माणसं दमतात. टेबलावर हात टेकून उभा राहिला, चाबूक मुठीतच होता.

मी म्हटलं, "सांगते. आधी चहा घे. तूही आज पडला आहेस."

तो हसला. मी आत गेले. पातेल्याचा एक कान बोटं मोडलेल्या हाताला पेलेना म्हणून त्या बाजूला कोपर लावलं. बाहेर येऊन पातेलं ओतलं.

पुढे शेजाऱ्यांनी दार फोडलं. त्याच्या हाताची कातडी मोज्यासारखी निघाली होती म्हणे. मी तोवर बसले होते.

आज सकाळी इन्स्पेक्टर आले जबाब घ्यायला. तरुण आहेत, पोट सुटायला लागलंय. आधी घुटमळले. "म्हणजे दुर्बीण तुम्ही? मला वाटायचं कोणीतरी मिशीवाला म्हातारा असणार. रविवारी तुमचं वाचून मी माझे पैसे वाचवले, मावशी."

"बरं झालं."

"त्याचा हात काही परत लगाम धरत नाही, डॉक्टर म्हणतात." वही उघडली, आवाज खाली आणला. "हे बघा, तुमची बोटं मोडलेली. पातेलं जड. हातातून निसटलं. चुकून सांडलं, असं लिहितो. कोणी काही म्हणणार नाही."

सोपं होतं. त्यांनी अर्धं लिहिलंही होतं.

"खोडा ते," मी म्हटलं. "मुद्दाम ओतलं."

"मावशी, असं लिहिलं तर तुमच्यावरच केस होईल. कदाचित आत जावं लागेल."

"मग जाईन. पण तीन आठवडे त्याच्यासाठी खोटं लिहिलं, आता माझ्यासाठी नको."

त्यांनी खोडलं. पेन झटकलं. बाहेर कुणाची तरी ट्रॉली गेली, तिची चाकं वाजत होती. मग त्यांनी वर न बघता विचारलं, "नेम कुठे होता?"

"उजव्या हातावर."

"चेहरा समोर असताना?"

"चेहऱ्याने तो मारत नाही."